दुसऱ्या खंडातून आलेले लॉगइन

आमच्या कंपनीच्या नेटवर्कची सुरक्षा पाहणे हे माझे काम आहे. त्या सकाळी देखरेख यंत्रणेने इशारा दिला की, लेखा विभागातील एका सहकारी बाईंच्या खात्यात त्यांच्या घरून लॉगइन झाले असून, काही मिनिटांतच दुसऱ्या खंडातील आयपी पत्त्यावरून त्याच खात्यात पुन्हा लॉगइन झाले आहे. पासवर्ड चोरीला गेला असे गृहीत धरून मी खाते गोठवले आणि त्यांना फोन लावला. ‘दोन्ही वेळा मीच होते,’ असे त्यांनी शांतपणे सांगितले. प्रवासात सार्वजनिक वायफाय वापरावे लागते म्हणून त्यांनी लॅपटॉपवर एक मोफत व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटची वाहतूक सांकेतिक रूपात दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून नेणारे आणि तिथलाच पत्ता दाखवणारे अ‍ॅप, टाकले होते आणि त्या दिवशी ते घरीच सुरू करून पाहिले होते.

प्रकरण तिथेच मिटवता आले असते. तरीही मी लॅपटॉप मागवून घेतला. विश्वसनीय प्रमाणपत्रांच्या यादीत त्या अ‍ॅपने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे इतर प्रमाणपत्रे खरी मानली जातात) बसवलेले आढळले, तेव्हा मात्र मी हातातली इतर कामे बाजूला ठेवली. ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाची ओळख प्रमाणपत्रावरून पटवतो. त्यामुळे अशा मूळ प्रमाणपत्राची खासगी किल्ली ज्याच्याकडे असते, तो कोणत्याही बँकेच्या नावाचे प्रमाणपत्र स्वतः बनवू शकतो, आणि सगळी वाहतूक त्याच्याच सर्व्हरमधून जात असल्यामुळे, ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्ह दिसत असतानाही आतला मजकूर वाचू शकतो. तसे वाचन झाल्याचा पुरावा मला मिळाला नाही, पण वाट मोकळी करून ठेवलेली होती. हा प्रकार नवा नाही. २०१६ साली संशोधकांनी अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन अ‍ॅप तपासली, तेव्हा त्यांतील सुमारे १८ टक्के अ‍ॅप वाहतूक कूटबद्धच करत नव्हती आणि चार अ‍ॅप अशाच मूळ प्रमाणपत्राच्या आधारे वाहतुकीच्या मध्ये शिरत होती.

बाईंची भीती निराधार होती, असे मात्र मी म्हणणार नाही. बहुतेक संकेतस्थळे आता मजकूर कूटबद्ध करणारे एचटीटीपीएस वापरत असल्याने वायफाय चालवणाऱ्याला मजकूर वाचता येत नाही, पण आपण कोणत्या संकेतस्थळांवर गेलो हे डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) विचारणांवरून त्याला बहुधा कळते. व्हीपीएन घेतले की ही माहिती त्याच्यापासून लपते आणि व्हीपीएन चालवणाऱ्याकडे जाते. म्हणून तो कोण आहे आणि त्याचा खर्च कशातून भागतो, हे आधी पाहावे लागते.

त्यांना कंपनीचे व्हीपीएन द्यावे, असे मी सुचवले. आमचे व्हीपीएन वायरगार्ड या प्रणालीवर चालते. त्याचा मूळ कोड अवघ्या काही हजार ओळींचा असल्यामुळे तपासायला सोपा आहे, हे त्यामागचे एक कारण. पण कंपनीचे व्हीपीएन म्हणजे कंपनीच्या आत येण्याचे दारच, आणि २०२१ मध्ये कोलोनियल पाइपलाइन या अमेरिकेतील इंधनवाहिनी कंपनीवरील हल्लेखोर वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून शिरले होते, ज्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणीच (उदाहरणार्थ, मोबाइलवर येणारा कोड) नव्हती. त्यामुळे दुसऱ्या पडताळणीशिवाय खाते सुरू होणार नाही, हे मी त्यांना आधीच सांगितले.

त्यावर त्यांनी विचारले, ‘मग मी डॉक्टरांविषयी काय शोधते, ते तुम्हाला दिसेल का?’ प्रश्न अगदी रास्त होता. सगळी वाहतूक आमच्या बोगद्यातून, म्हणजे कंपनीच्या व्हीपीएनमधून नेली, तर मजकूर नाही तरी संकेतस्थळांची नावे आमच्या नोंदींत येतात, हे मी त्यांना सांगितले. माझ्या वरिष्ठांना सगळी वाहतूक आतून हवी होती. त्यात हानिकारक संकेतस्थळे रोखता येतात, हे खरे, पण व्हिडिओ बैठका अडखळतात आणि लोकांचे खासगी आयुष्य विनाकारण आमच्याकडे साठते, असे माझे मत होते. बरीच चर्चा झाल्यावर फक्त अंतर्गत प्रणालींची वाहतूक बोगद्यातून न्यायची असे ठरले, आणि सार्वजनिक वायफायऐवजी मोबाइलचा हॉटस्पॉट वापरावा, अशी सूचना त्याला जोडली गेली.

ते मोफत अ‍ॅप काढून टाकल्यावरही त्याचे प्रमाणपत्र यादीत तसेच राहिले होते. ते मी हाताने काढले, आणि त्याने आणखी काय मागे ठेवले असेल याची खात्री देता येत नसल्याने अखेर लॅपटॉप पूर्ण पुसून नव्याने उभा केला. बाईंनी आपले सगळे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलले.