गोठणबिंदूवरून मोलर वस्तुमान काढताना

अज्ञात पदार्थाचं मोलर वस्तुमान, म्हणजे त्याच्या एका मोलचं ग्रॅममधलं वस्तुमान, काढायचं होतं. द्रावकात काही विरघळवलं की गोठणबिंदू खाली येतो; तो किती घटला यावरून ते निघतं. सूत्र एका ओळीचं, गणित पाच मिनिटांचं. वेळ गेला तो गोठणबिंदू नेमका कशाला म्हणायचं हे ठरवण्यात.

द्रावक म्हणून सायक्लोहेक्झेन घेतलं. पाण्याचा मोलल अवनमन स्थिरांक (किलोभर द्रावकात एक मोल पदार्थ विरघळवल्यावर गोठणबिंदू किती अंशांनी घटतो, तो आकडा) १.८६, याचा सुमारे २०. मोललता (किलोभर द्रावकात विरघळलेले मोल) तितकीच, पण घट दहापट, त्यामुळे तापमापीतली बारीकशी चूक निकाल बिघडवत नाही. शिवाय हे ६.५ अंश सेल्सिअसलाच गोठतं, बर्फ-पाण्याचं भांडं पुरतं. (पेट फार लवकर घेतं, तेव्हा आसपास बर्नर नको.)

आधी शुद्ध द्रावक. ढवळत राहायचं आणि ठरावीक सेकंदांनी तापमान टिपायचं. पारा ६.५ च्या खाली गेला तरी द्रव आपला द्रवच! हे अतिशीतन. स्फटिक धरू लागताच तापमान झटकन वर आलं आणि ६.५ वर ठाण मांडून बसलं.

मग २०.० ग्रॅम द्रावकात ०.३२ ग्रॅम अज्ञात पदार्थ विरघळवला. आता आलेख कुठे ठरेचना. गोठतो तो फक्त द्रावक. द्राव्य उरलेल्या द्रवात साठत जातं, द्रावण तीव्र होतं आणि गोठणबिंदू खाली सरकत राहतो. अतिशीतनातला सर्वांत खालचा आकडा उचलला तर घट फुगते आणि मोलर वस्तुमान कमी येतं. म्हणून गोठतानाची तिरकी रेषा मागे वाढवली. द्रव थंड होतानाच्या रेषेला ती ४.०४ अंशांवर छेदत होती. घट २.४६.

सूत्र असं: स्थिरांक × पदार्थाचे ग्रॅम ÷ (घट × द्रावकाचे किलो). म्हणजे २०.० × ०.३२ ÷ (२.४६ × ०.०२००) = १३० ग्रॅम प्रति मोल. पदार्थ निघाला नॅफ्थलीन, म्हणजे १२८. माझ्या मते या पद्धतीकडून याहून जास्त मागू नये.

मात्र ही पद्धत कण मोजते, रेणू ओळखत नाही. बेंझॉइक आम्लाचं मोलर वस्तुमान १२२, पण बेंझीनमध्ये ते दुप्पटीच्या जवळ येतं, कारण हायड्रोजन बंधांनी रेणूंच्या जोड्या जमतात. मिठाचं पाण्यात उलट: ५८.५ च्या निम्म्याच्या आसपास, कारण त्याचे आयन सुटे होतात. तिथे सूत्रात व्हॅन्ट हॉफ गुणक (विरघळवलेल्या एका एककामागे द्रावणात प्रत्यक्ष किती कण होतात, तो आकडा) घ्यावाच लागतो. नॅफ्थलीन ना जोड्या जमवतं ना फुटतं, त्यामुळे मला तो १ धरून चाललं.