फ्रीबीएसडीवर अडलं की कुठे बघायचं

फ्रीबीएसडी या युनिक्स-वंशाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काही अडलं की बरेच जण गूगलवर जातात आणि लिनक्ससाठी लिहिलेलं उत्तर उचलून आणतात. फजिती तिथूनच सुरू होते. फाइलमधला मजकूर जागच्या जागी बदलणारी 'सेड -आय' ही आज्ञा घ्या. लिनक्सवर त्यापुढे थेट बदलाची आज्ञा लिहून भागतं. फ्रीबीएसडीचं सेड तिथे बॅकअप फाइलचं एक्स्टेन्शन मागतं. ते दिलं नाही, तर तुमची आज्ञाच एक्स्टेन्शन समजतं आणि फाइलच्या नावाला आज्ञा म्हणून वाचायला जातं. मग एरर येते ती भलतीच. बॅकअप नको असेल तर रिकामी एकेरी अवतरणचिन्हं द्यायची. मॅन पेजमध्ये, म्हणजे सिस्टिमसोबत येणाऱ्या त्या आज्ञेच्या माहितीपानात, हे लिहिलेलं आहे.

म्हणून आधी मशीनवरचं मॅन. ते तुमच्याच आवृत्तीचं असतं आणि नेट बंद पडलं तरी उघडतं. विभाग लक्षात ठेवा: ड्रायव्हर ४ मध्ये, कॉन्फिग फाइली ५ मध्ये, सिस्टिम सांभाळायच्या आज्ञा ८ मध्ये. नुसतं 'मॅन प्रिंटएफ' म्हटलं तर शेलची (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) आज्ञा समोर येते. सी भाषेतलं फंक्शन हवं असेल तर 'मॅन ३ प्रिंटएफ'. नावच माहीत नसेल तर 'मॅन -के' आणि एखादा शब्द. असायलाच हवं ते पान त्यात सापडत नसेल, तर रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन पानांची सूची बनवणारं 'मेकव्हॉटइज' चालवा. ही सूची शनिवारी पहाटे सव्वाचारला आपोआप बनते, आणि त्या वेळी लॅपटॉप मिटलेला असतो.

सिसकंट्रोलमधल्या, म्हणजे कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) सेटिंगमधल्या, एखाद्या गूढ नावाचा अर्थ 'सिसकंट्रोल -डी' एका ओळीत सांगतं. पॅकेज टाकताना झरकन वर सरकून गेलेल्या सूचना 'पीकेजी इन्फो -डी' पुन्हा दाखवतं. इथला डी मात्र कॅपिटल. नमुन्याच्या कॉन्फिग फाइली /यूएसआर/शेअर/एक्झाम्पल्समध्ये पडून असतात, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचं असेल, झेडएफएस (फाइल सिस्टिम) किंवा जेल (प्रोग्रॅम बाकी सिस्टिमपासून वेगळे ठेवायची बंदिस्त जागा) वगैरे, तर फ्रीबीएसडीचं अधिकृत हँडबुक. त्याची पीडीएफ फोनवर ठेवा, कारण नेटवर्कचं प्रकरण वाचायची वेळ येते तेव्हा नेटवर्कच नसतं. ऑनलाइन मॅन पेज बघताना वरच्या यादीतून आपली आवृत्ती निवडा. ती 'फ्रीबीएसडी-व्हर्जन -यू'ने कळते.

छापील पुस्तक घेताना सन आधी बघा. मायकेल लुकस यांच्या 'ॲब्सोल्यूट फ्रीबीएसडी'ची तिसरी आवृत्ती २०१८ची. पद्धत शिकायला ती आजही उत्तम. पण नोव्हेंबर २०२३मध्ये आलेल्या १४.०ने रूटचं शेल सीएसएचऐवजी एसएच केलं, मेलसाठी सेंडमेलच्या जागी डीएमए आणलं आणि पोर्टस्नॅप (सॉफ्टवेअर बांधायचा 'पोर्ट्स' संग्रह उतरवणारं साधन) काढून टाकलं. त्यामुळे त्याआधीच्या कुठल्याही पुस्तकातले हे भाग जसेच्या तसे टाइप करू नका. कर्नल आतून कसं चालतं याची पुस्तकं त्यामानाने सावकाश जुनी होतात, तिथे सेकंडहँड प्रतही चालेल.

कागदावरच वाचायची सवय असेल तर मॅन पेजच छापा. 'मॅन -डब्ल्यू ५ आरसी.कॉन्फ'ने फाइलचा पत्ता मिळतो, तो 'मॅनडॉक -टी पीडीएफ'ला द्यायचा (टी कॅपिटल). सोबत '-ओ पेपर=ए४' लिहा (ओसुद्धा कॅपिटल), नाहीतर पानं अमेरिकन लेटर मापाची निघतात आणि आपल्याकडच्या कागदावर समास बिघडतो.