पट्टा, पिलर आणि खांदा

आमची ॲम्बेसेडर मार्क फोर उत्तरपाड्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा सीट बेल्ट ही आपल्याकडे विमानातली वस्तू मानली जात असे. वास्तविक खांद्यावरून आणि मांड्यांवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्व्होचे अभियंते निल्स बोलिन यांनी 1959 मध्येच तयार केला होता आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांनाही वापरू दिले होते. पण आपल्याकडे पुढच्या सीटसाठी तो बंधनकारक व्हायला 1994 साल उजाडावे लागले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांचा सांगाडा पट्ट्याचा विचार न करता आखलेला असतो, आणि म्हणून दुकानातून पट्टा विकत आणणे हा जुन्या गाडीत पट्टे बसवण्याच्या खटाटोपातला सर्वांत सोपा भाग ठरतो.

छत्रपती संभाजीनगरात जुन्या गाड्या बाळगणारे माझे जे स्नेही आहेत, त्यांची तक्रार जवळजवळ एकच असते: पट्टा गळ्याला घासतो. मग कोणी त्यावर मऊ कापडाची खोळ चढवतो, कोणी चिमटा लावून तो सैल धरून ठेवतो, तर कोणी चौकात पोलीस दिसेपर्यंत तो नुसताच मांडीवर बाळगतो. माझे मत असे झाले आहे की यात दोष पट्ट्याचा क्वचितच असतो. त्याची टोके चुकीच्या ठिकाणी अडकवलेली असतात. खांद्यावरचा पट्टा गळा आणि खांद्याचे टोक यांच्या मधोमध, गळपट्टीच्या हाडावरून जायला हवा, आणि खालचा पट्टा पोटावर न राहता कंबरेच्या हाडांवर टेकायला हवा. पोट सुटलेल्या मंडळींना (मी त्यांच्यातलाच आहे) हे ऐकायला आवडत नाही, पण धक्का हाडे सोसू शकतात, आतडी सोसू शकत नाहीत. चिमट्याने सैल ठेवलेला पट्टा आरामशीर वाटतो खरा, मात्र जेवढा तो सैल, तेवढे शरीर अपघातात मोकळे पुढे फेकले जाते.

वरचे टोक अडकवायचे ते मधल्या पिलरवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबावर, आणि खरी कसरत तिथेच आहे. बोल्ट खांद्याच्या पातळीच्या खाली गेला, तर पट्टा खांदा खाली दाबत राहतो आणि पैठणपर्यंत जाईतो मान आखडते. तो फार पुढे आला, तर पट्टा खांद्याला टेकतच नाही. त्यातून ॲम्बेसेडरची पुढची सीट सलग, म्हणजे माझ्या पत्नीने क्लचपर्यंत पाय पोहोचावा म्हणून ती पुढे ओढली की शेजारी बसलेल्याचाही खांदा पिलरच्या पुढे सरकतो. त्यामुळे आम्ही आधी दोघांनाही आळीपाळीने सीटवर बसवले, पिलरवर खडूने खुणा केल्या आणि दोघांनाही चालेल अशी जागा ठरवली.

गॅरेजचे उस्ताद या कामात फार काटेकोर निघाले. पट्ट्याचा बोल्ट सहसा 7/16 इंची असतो आणि तो भक्कमच असतो, पण तो ज्या पत्र्यात घट्ट करायचा तो पत्रा भक्कम आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. “काका, बोल्ट तुटत न्हाई, पत्रा फाटतो,” असे म्हणून त्यांनी गालिचा उचलला, गंजलेला भाग कापून काढला आणि आतून जाड पोलादी प्लेट वेल्ड केली, कारण धडकेच्या क्षणी माणसाचे वजन पट्ट्याला टनाच्या हिशेबात ओढते. भंगारातल्या गाडीचे पट्टे स्वस्त मिळत होते. त्यांनी ते हातातही घेतले नाहीत. एकदा अपघातात ताणला गेलेला पट्टा पुन्हा भरवशाचा राहत नाही.

आपोआप गुंडाळणाऱ्या रिळाचे तंत्र मला सर्वांत मनोरंजक वाटले. त्याच्या आत एक छोटी गोळी किंवा लोलक असतो, आणि गाडी एकदम थांबली की तो जागचा हलून दातेरी चाक अडवतो. रीळ तिरके बसवले, तर गाडी उभी असतानाही त्या गोळीला तोल गेल्यासारखे वाटते आणि पट्टा बाहेर यायलाच तयार होत नाही. ॲम्बेसेडरमध्ये सरळ पृष्ठभाग शोधणे अवघडच, त्यामुळे रिळाखाली वेगळा ब्रॅकेट घालून त्याला ओळंब्यात आणावे लागले.

मागच्या सीटचे महत्त्व मराठवाड्याला तरी वेगळे सांगावे लागू नये. 3 जून 2014 रोजी दिल्लीत मागच्या सीटवर बसलेले गोपीनाथ मुंडे अपघातात गेले, आणि तिथल्या पट्ट्याची चर्चा तेव्हा देशभर झाली. आमच्याकडे मागे आई बसते, आणि तिच्या नऊवारीच्या निऱ्या खालचा पट्टा पोटाकडे सरकवतात. बसल्यावर निऱ्या सारख्या करून पट्टा त्यांच्या खालून ओढून घेणे तिला जमले आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतले बकल मात्र तिला चटका देते, म्हणून त्यावर आम्ही पंचा टाकून ठेवतो.

एक गोष्ट सुटलेली नाही. हुरड्याच्या दिवसांत शेताकडे जाताना पुढे तिघे बसण्याची आमची जुनी रीत होती. मधल्या जागेला फक्त कंबरेचा पट्टा लावता येतो, आणि तो छातीला व डोक्याला डॅशबोर्डवर आदळण्यापासून वाचवत नाही, म्हणून ती जागा मी बंद केली. तिथे हक्काने बसणारा माझा धाकटा पुतण्या आता मागे आजीशेजारी बसतो, आणि संपूर्ण रस्ताभर माझ्याशी बोलत नाही.