अप्पांच्या फोनवरच्या जाहिराती

मध्यंतरी माझे सासरे, अप्पा, चार-पाच दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलत होते. चहा झाला का, दूध आले का, याच्या पलीकडे संभाषण जाईना. कारण कळले ते नवऱ्याकडून. अप्पांनी त्याला गॅलरीत एकटे गाठून विचारले होते, "सूनबाईने माझी कुठे सोय बघायला घेतली आहे का रे?" रोज संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन ऐकत असताना मध्येच त्यांना ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतींच्या जाहिराती दिसत होत्या: चोवीस तास परिचारिका, सात्त्विक भोजन, आवारातच दवाखाना, पुण्यापासून पाऊण तासावर. एकदा दिसली असती तर त्यांनी दुर्लक्ष केले असते, पण आठवडाभर तेच चालले होते. त्यात कट्ट्यावरच्या मित्रांनी भर घातली की घरात जे बोलले जाते तेच फोन ऐकतो आणि दाखवतो.

अशा वसाहतींचा शोध मी घेत होते हे खरे होते. फक्त तो नाशिकच्या माझ्या मावशीसाठी होता. तिची दोन्ही मुले परदेशात आहेत आणि काका गेल्यापासून ती एकटीच राहते. हा शोध मी माझ्या फोनवर, रात्री सगळे झोपल्यावर घेतला होता. मग त्याच्या जाहिराती अप्पांच्या फोनवर कशा पोहोचल्या?

उत्तर मिळाले तेव्हा मलाच ओशाळल्यासारखे झाले. २०२१ मध्ये अप्पांना पहिला स्मार्टफोन घेतला, तेव्हा त्यांचा स्वतःचा ईमेल नव्हता. प्ले स्टोअर सुरू करायला खाते लागते, आणि दुकानदार खोळंबला होता, म्हणून मी 'तात्पुरते' माझे खाते टाकून दिले. ते कधी बदललेच नाही. गूगलच्या लेखी अप्पा आणि मी ही एकच व्यक्ती होतो, जी दिवसा ऑफिसच्या बसचे वेळापत्रक पाहते, संध्याकाळी कीर्तन ऐकते आणि रात्री वृद्धांच्या वसाहती शोधते. आपल्याकडे आईवडिलांचे फोन मुलेच सुरू करून देतात आणि बहुतेक जण असेच करतात. गोपनीयतेच्या सगळ्या सेटिंग्ज मात्र एका फोनमागे एक माणूस आहे असे धरून केलेल्या असतात.

फोन ऐकतो का, हा अप्पांचा प्रश्न मी उडवून लावला नाही. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७,००० हून अधिक ॲप्स तपासली होती. चोरून आवाज ध्वनिमुद्रित करून बाहेर पाठवणारे एकही ॲप त्यांना आढळले नाही. काही ॲप्स स्क्रीनवर काय चालले आहे त्याचे चित्रण मात्र तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. खरे सांगायचे तर कान लावण्याची गरजच उरलेली नाही. आपण काय शोधले, कुठे थांबलो, कोणता व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, एवढे पुरते. कित्येक ॲप्समध्ये तर जाहिरातीची रिकामी जागा समोर येताच तिचा लिलाव होतो आणि साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात तो संपतोही. त्या लिलावात फोनची ओळख पटवण्यासाठी जाहिरात आयडी वापरला जातो: अंक आणि रोमन अक्षरे मिळून बत्तीस चिन्हांची, पाच तुकड्यांत लिहिलेली एक ओळ. तिच्यात नाव नसते, पण निरनिराळ्या ॲप्सनी गोळा केलेली माहिती एकाच फोनच्या खात्यावर मांडायला ती पुरेशी असते.

रविवारी सकाळी अप्पांना शेजारी बसवून मी त्यांचा फोन उघडला. आधी माय ॲड सेंटर, म्हणजे गूगल खात्यातले जाहिरातींच्या सेटिंग्जचे पान, पाहिले. गूगलने आपल्याविषयी बांधलेले अंदाज तिथे दिसतात: वैवाहिक स्थिती, शिक्षण, कोणत्या क्षेत्रात काम करता, घर स्वतःचे की भाड्याचे, मुले आहेत का. अप्पांनी चष्मा पुसून ती यादी पुन्हा वाचली आणि म्हणाले, "हे तर स्थळाच्या माहितीपत्रकासारखं आहे." मग जाहिरात आयडी हटवला. ही सोय अँड्रॉइड १२ पासून नीट चालते; त्यानंतर आयडी मागणाऱ्या ॲपला त्या बत्तीस चिन्हांच्या जागी नुसती शून्ये मिळतात. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून असा माग काढण्याआधी प्रत्येक ॲपला आपली परवानगी विचारावी लागते. हा फरक मला फार मोठा वाटतो, कारण विचारले तर बरेच लोक 'नाही' म्हणतात, पण स्वतः शोधून बंद करायला किती जण जाणार? परवानगीच्या त्या एका प्रश्नामुळे २०२२ मध्ये आपले सुमारे १० अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटा हिनेच दिला होता.

परवानग्यांच्या यादीत पंचांगाच्या ॲपला फोनचे स्थान (लोकेशन) पाहण्याची परवानगी दिलेली दिसली आणि मी ती काढायला निघाले, तेव्हा अप्पांनी थांबवले. संकष्टीचा चंद्रोदय गावागणिक बदलतो, त्यामुळे त्याला ठिकाण हवेच. त्यांचे म्हणणे बरोबर होते, फक्त चंद्रोदयासाठी शहर कळले की भागते, आमच्या इमारतीचे फाटक कळायची गरज नाही. म्हणून 'अचूक स्थान' बंद करून अंदाजे स्थान ठेवले.

खरी पंचाईत खाते बदलताना झाली. माझे खाते काढताच अप्पांचे जवळजवळ सगळे फोन नंबर नाहीसे झाले, कारण ते इतकी वर्षे माझ्याच खात्यात साठत होते. माझ्या फोनमध्ये 'भजनी मंडळ पेटीवाले' आणि 'गॅस जुना' ही नावे कुठून आली याचा उलगडा तेव्हा झाला. अख्खी दुपार ते नंबर वेगळे काढून अप्पांच्या नव्या खात्यात घालण्यात गेली.

आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यांतील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. १८ वर्षांखालील मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास त्यात मनाई आहे. प्रौढांच्या बाबतीत सगळे संमतीवर सोडले आहे. संमतीचा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, ही तरतूद मला मोलाची वाटते. अप्पांच्या फोनवरच्या सगळ्या संमती आजवर मीच दिल्या होत्या, आणि त्याही न वाचता.

अप्पांच्या फोनवरच्या जाहिराती कमी झालेल्या नाहीत. आता त्यांना रमी, केसांचे तेल आणि ट्रॅक्टर दिसतात, आणि ट्रॅक्टरची जाहिरात ते आवडीने पाहतात. वसाहतींच्या जाहिराती एकट्या माझ्या फोनवर उरल्या आहेत. परवा माझ्या शेजारी बसून त्यांनी एक जाहिरात पूर्ण पाहिली आणि म्हणाले, "ही नको. आवारात दवाखाना असलेली एक होती, ती शोध. मावशींना गुडघ्यांचा त्रास आहे ना?"