आमची वाटचाल : पालकांच्या कामाची पाळी बघून चालणारी बालवाडी

इचलकरंजीत मागांच्या खडखडाटातच आमची बालवाडी सुरू झाली, २०११ साली. भाड्याच्या दोन खोल्या, पुढं थोडं अंगण, मी आणि एक मदतनीस ताई. आजूबाजूची घरं यंत्रमागावर राबणाऱ्यांची. वडील बारा तासांच्या पाळीत, आई कांडी मशीनवर (आडव्या धाग्याचं सूत छोट्या कांडीवर गुंडाळायला) नाहीतर मेंडिंगला (विणलेल्या कापडातले दोष काढायला), आणि घरी आजी असली तर मुलाचं नशीब. फी आम्ही आठवड्याच्या हप्त्यानं घ्यायला लागलो, कारण इथं पगार आठवड्याला होतो.

पालकांचा सहभाग म्हटलं की बहुतेक ठिकाणी तीनच गोष्टी असतात : गॅदरिंगला हजेरी, प्रगतिपुस्तकावर सही आणि कार्यक्रमाची वर्गणी. वर भाड्यानं आणायचा फॅन्सी ड्रेस आणि रात्री जागून आईनंच करायचा थर्माकोलचा प्रकल्प. हे आमच्याकडे पहिल्यापासून नाही. ज्या बाईचा एक दिवसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची भाजी गेली, तिला अशा कामाला बोलावणं मला पटत नाही. तिला बोलवायचं तर तिच्या येण्यानं मुलाच्या शिकण्यात खरी भर पडली पाहिजे.

ही समज मला बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणात मिळाली. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. महागडी साधनं आणण्यापेक्षा शंख-शिंपले, बिया, खडे, पानं वापरली. घर आणि शाळा यांच्यात भिंत नसावी, हे आपल्याकडे इतक्या आधी करून दाखवलेलं आहे. आमच्या वस्तीत शिंपले नाहीत, पण कांड्या आहेत.

सुरुवातीला दाराशी मूल सोडून निघणाऱ्या आया म्हणायच्या, "आम्हाला काय येतंय बाई शिकवायला?" त्यातल्या एकीला मी म्हटलं, रिकाम्या कांड्या घेऊन या आणि फक्त बसा. ती पिशवीभर रंगीत कांड्या घेऊन आली. मुलांनी रंगांप्रमाणे ढीग लावले, लांबीप्रमाणे रांग लावली, मोजल्या, पाडल्या, परत मोजल्या. मग तिनं तुटलेलं सूत जोडून दाखवलं. चिमटीत दोन टोकं धरून, एक फेर देऊन, गाठ कधी बसली ते मलाही दिसलं नाही. मुलांना आम्ही जाड सुतळी दिली. चार वर्षांची पोरं जीभ बाहेर काढून गाठी मारत बसली होती, आणि तिचा मुलगा सगळ्यांना सांगत होता, "माझी आई करती हे!" त्या दिवसापासून ती दाराशी थांबली नाही, थेट आत यायला लागली.

याचा उपयोग एका वेगळ्याच ठिकाणी झाला. शेजारच्या पोराला ए टू झेड लिहिता येतं, आमच्याला का नाही, हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत यायचा. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल पेलायची ताकद अजून आलेली नसते, हे नुसतं सांगून पटत नाही. म्हणून एका सभेत प्रत्येकाच्या डाव्या हातात पेन्सिल दिली, पुढं चाररेघी वही ठेवली आणि स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी रेघा ओढल्या. दोन ओळींतच हात भरून आले. मग गाठी मारणं, कणीक मळणं, मटकी निवडणं ही लिहिण्याचीच तयारी आहे, हे समजावायला फार बोलावं लागलं नाही. तरीही काहींनी मुलं काढून दुसरीकडे घातली. त्या वर्षी भाडं भागवताना ओढाताण झाली, पण नर्सरीत लेखन सुरू करायचं नाही हे आम्ही सोडलं नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा फी थांबली, माग थांबले. घरात फोन एकच, तोही वडिलांच्या खिशात. म्हणून आम्ही संध्याकाळी छोटा आवाजी निरोप पाठवायचो : आज चपलांच्या जोड्या लावा, उद्या मूग आणि मटकी वेगळी करा, रात्री आजीला गोष्ट सांगायला लावा. बऱ्याच घरांत आजी कानडी बोलणारी. तिनं "ओंदु, एरडु, मूरु" म्हणत पायऱ्या मोजायला शिकवल्या. शाळा उघडल्यावर मुलांनी ते वर्गात आणलं आणि आता आम्ही कानडीत आणि हिंदीतही मोजतो. २०२२ च्या पायाभूत स्तरावरच्या, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाच्या, राष्ट्रीय आराखड्यात घरची भाषा आणि कुटुंबाची साथ यांवर भर आहे. राज्य सरकारच्या 'पहिले पाऊल' अभियानात आईला मुलाच्या शाळापूर्व तयारीत सोबत घेतलं जातं. हे वाचून मला मनापासून बरं वाटलं.

वडिलांचं मात्र वेगळं आहे. ते सभेला येत नाहीत, कारण सभा त्यांच्या झोपेच्या वेळी असते. रात्रपाळी सुटल्यावर मुलाला सोडायला येतात, केसांत सुताचे तंतू, डोळे लाल. त्यांच्यासाठी आम्ही अंगणात चटई टाकली आणि शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तकं ठेवली. दहा मिनिटं बसा, चित्रातलं काय दिसतं ते मुलाला विचारा, एवढंच सांगतो. वाचता येणारे आणि न येणारे इथं सारखेच. एकाची गोष्ट रोज वाढत जाते. चित्रात हत्ती आहे, पण त्याच्या गोष्टीत तो हत्ती मागावर कामाला लागलाय, आणि आता इतर मुलंही ऐकायला चटईवर येऊन बसतात.

येत्या जूनपासून प्रवेश अर्जातच दोन रकाने वाढवतोय : आई-वडिलांची पाळी कोणती, आणि तुमच्या हाताला काय येतं. पहिल्यावरून सभेच्या वेळा ठरतील, एक सकाळी पाळी सुटल्यावर आणि एक सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्यावरून वर्षभराचे वर्ग ठरतील. शिवणकाम, वहिफणी (मागासाठी उभे धागे ओवायचं काम), भाकरी, सायकल दुरुस्ती, काहीही चालेल. प्रवेशाचं काम मे महिन्यात सुरू होतं. त्याआधी कुणालाही येऊन तासभर मुलांत बसून बघता येईल, फक्त आजीलाही सोबत आणा.