आधी घर, मग साप

इथे बर्मिंगहॅमजवळ ज्या वयस्कर गृहस्थांकडून मी बोआ, म्हणजे भक्ष्याला आवळून मारणारा बिनविषारी साप, घेतला, त्यांनी पहिल्या भेटीत पिल्लू माझ्या हातात दिलं आणि थोड्या वेळाने परत काढून घेतलं. म्हणाले, "आधी पेटी लाव. आठवडाभर दोन्ही टोकांचं तापमान लिहून ठेव आणि वही घेऊन ये." खिशात पैसे तयार असलेल्या गिऱ्हाइकाला विकणारा परत पाठवतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

नागासारखा विषारी साप पाळायचा तर इथे धोकादायक वन्य प्राण्यांबद्दलच्या १९७६च्या कायद्याने परवाना लागतो, बोआला लागत नाही. पण इंग्लंडमधला २००६चा प्राणी कल्याण कायदा पाळीव सापालाही कुत्र्यामांजराइतकाच लागू आहे. जागा, आहार, आजारपण, सगळ्याला मालक जबाबदार. त्या गृहस्थांनी वही मागितली ती मात्र कायद्याच्या धाकाने नव्हे, पिल्लाच्या काळजीपोटी.

वहीचं कारण पुढे कळत गेलं. साप अंगात ऊब तयार करत नाही. खाल्लेलं पचवायला त्याला बाहेरची ऊब लागते. पेटीचं एक टोक साधारण ३१ अंश, दुसरं २५-२६, आणि लपायची जागा दोन्हीकडे, म्हणजे लपण्यासाठी ऊब सोडावी लागत नाही. ऊब देणाऱ्या दिव्याला जाळी हवीच, नाहीतर साप त्याला विळखा घालून भाजून घेतो. तापमान आपोआप आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की कात तुकड्यातुकड्यांनी निघायची भीती असते. म्हणून पाण्याचं भांडं मोठं ठेवतो, पेटीत पाणी फवारतो. आमच्या चिपळूणच्या पावसाळ्यात यातलं काहीच करावं लागलं नसतं!

खाणं म्हणजे गोठवलेला उंदीर. रात्रभर फ्रीजमध्ये वितळवायचा, कोमट पाण्यात ऊब आणायची आणि लांब चिमट्याने पुढे धरायचा. झडप क्षणात पडते, मग वेटोळी. बोआ भक्ष्याला गुदमरवून मारतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमेरिकेत स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मोजून दाखवलं की आवळल्यावर आधी थांबतं ते रक्ताभिसरण. त्याआधी २०१२मध्ये त्यांनी मेलेल्या उंदरांत हृदयाचे कृत्रिम ठोके बसवून पाहिले होते. ठोका चालू असेपर्यंत बोआ जास्त वेळ, जास्त जोराने आवळत राहिले. हे वाचल्यापासून खाणं देताना मी श्वास रोखून बघतो. नंतर दोन दिवस त्याला हात लावत नाही, नाहीतर खाल्लेलं उलटून टाकतो.

मावशी फोनवर म्हणाली, "अरे, सापाला डांबून ठेवतोस आणि त्याला प्रेम म्हणतोस?" प्रश्न झोंबला, कारण तो खोटा नाही. पण हा जंगलातून पकडलेला नाही, पेटीतच जन्मलेला आहे. आणि आपल्याकडे बोआच्याच कुळातलं मांडूळ गुप्तधनाच्या नादापायी पोत्यात कोंबून विकतात, त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. आपले सर्पमित्र भररात्री धावत जाऊन साप वाचवतात, तसं काम मला इथे कुठे दिसलं नाही, त्यांचा मला अभिमानच आहे. पण वाचवून सोडणं निराळं आणि रोज सांभाळणं निराळं.

रोज म्हणजे किती वर्षं? नीट ठेवला तर वीस, कधी तीससुद्धा. माझा व्हिसा तेवढा नाही. बोआ साइट्स करारात, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात, येतो, परवान्याशिवाय त्याला देशाबाहेर नेता येत नाही, आणि चिपळूणला नेऊन ठेवावा असंही मला वाटत नाही. त्या गृहस्थांनी हेही आधीच विचारून घेतलं होतं. मला परत जावं लागलं तर साप त्यांच्याकडेच जाईल, कुणालाही विकायचा नाही. तसं कागदावर लिहून आम्ही दोघांनी सह्या केल्या आहेत.