बारा माणसांचं गाव

मला एक खोड आहे, कुठल्याही गावाचं नाव वाचलं की आधी त्याची लोकसंख्या बघायची, नदी-डोंगर-देऊळ सगळं नंतर. कोरिप्पोची बघितली तेव्हा वाटलं टायपिंगमधे पुढची दोन शून्यं राहिली असणार. बारा-तेरा! म्हणजे अख्खं गाव जेवायला बोलावलं तर दोन पंगतीसुद्धा होणार नाहीत.

हे कोरिप्पो स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, तिचिनो नावाच्या प्रांतात, वेर्झास्का नदीच्या खोऱ्यात आहे. इथे भाषा इटालियन, आणि आपल्या डोक्यातलं ते कॅलेंडरवालं स्वित्झर्लंड, हिरवीगार कुरणं, धष्टपुष्ट गाई वगैरे, ते इथे शोधू नका. इथे उभा चढ आणि त्याला धरून बसलेली करड्या दगडाची घरं, छपरं पण दगडी फरश्यांचीच. खाली धरणाचं तळं. जेम्स बाँडच्या एका पिक्चरच्या सुरुवातीला तो ज्या धरणाच्या भिंतीवरून उडी मारतो ना, ते हेच, 220 मीटर उंच, 1965 मधे बांधून झालेलं.

तर 1850 च्या सुमाराला या एवढ्याशा गावात तीनशेच्या आसपास माणसं होती. खात काय होती हा माझा पहिला प्रश्न, कारण सपाट जमीन म्हणाल तर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यात राय (गव्हासारखं एक धान्य) आणि बटाटे, बाकी चेस्टनट आणि बकऱ्या. उत्तर असं की वर्षभर पुरेल एवढं गावात पिकायचंच नाही. म्हणून थंडीत खोऱ्यातली कुटुंबं गुरंढोरं घेऊन खाली मागादिनोच्या मैदानाकडे उतरायची, तिथे त्यांचे द्राक्षमळे असायचे, आणि उन्हाळ्यात परत वर. या खोऱ्यांमधली गरीब घरची लहान पोरं तर हिवाळ्यात मिलानला जायची, धुराडी साफ करायला, कारण अरुंद धुराड्यात लहान अंगच मावतं. स्वित्झर्लंड म्हणजे श्रीमंती हे समीकरण किती अलीकडचं आहे बघा.

मग सोन्याची बातमी आली. 1850 नंतर तिचिनोच्या खोऱ्यांतून माणसं ऑस्ट्रेलियाला आणि कॅलिफोर्नियाला निघाली, काही परत आली, बरीच नाही आली. जे राहिले त्यांची मुलं पुढे लोकार्नो-बेलिन्झोना या शहरांकडे नोकऱ्यांना. 2000 च्या जनगणनेत कोरिप्पोत 22 जण उरले होते. आपल्या कोकणात कुलूपबंद घरांची जी रांग दिसते तसंच हे, फक्त इथे गणपतीला येणारी गर्दी नाही.

आणि गंमत ही की याच कारणाने गाव सुंदर राहिलं. माणसं असती तर कोणीतरी स्लॅब टाकला असता, कोणी खिडक्या मोठ्या केल्या असत्या, कोणी खाली गॅरेज काढलं असतं, आणि त्यात त्यांचं चुकलंही नसतं. पैसा आणि माणसं दोन्ही नसल्यामुळे कोणी काहीच पाडलं नाही. 1975 मधे युरोपात वास्तुवारसा वर्ष साजरं झालं तेव्हा कोरिप्पोचं नमुना म्हणून कौतुक झालं, गाव जपायला एक फाउंडेशनही निघालं. आपण फोटो बघून वा वा म्हणतो, पण खरं म्हणजे शंभर-दीडशे वर्षं लोक निघून जात होते त्याचा तो फोटो असतो. मला हे कळल्यापासून जुन्या गावांच्या फोटोंना पटकन लाइक देववत नाही (देते, पण जरा थांबून).

बारा माणसांत कारभार कसा चालणार? तरी कोरिप्पो कित्येक वर्षं स्वतंत्र नगरपालिका होती, देशातली सगळ्यात छोटी, स्वतःचा महापौर असलेली. अखेर 18 ऑक्टोबर 2020 ला खोऱ्यातली गावं मिळून वेर्झास्का ही एकच नगरपालिका झाली आणि तो विक्रम संपला. स्वित्झर्लंडच्याच वाली प्रांतातल्या आल्बिनेन या गावानं माणसं टिकावीत म्हणून वेगळा रस्ता धरला, 2017 मधे गावसभेत मत घेऊन ठरवलं की पंचेचाळिशीच्या आतल्या माणसानं इथे घर केलं तर 25,000 फ्रँक द्यायचे, प्रत्येक मुलामागे 10,000. त्यावरून "स्विस गाव राहायला पैसे देतंय" असे मेसेज जगभर फिरले, पण अटी कोण वाचतो? दहा वर्षं राहायचं, घरात निदान दोन लाख फ्रँक घालायचे, आणि परदेशी असाल तर आधी कायमचा परवाना हवा.

कोरिप्पोत 2022 मधे हॉटेल सुरू झालं, पण एका इमारतीत नाही. रिकाम्या घरांतच खोल्या, रिसेप्शन गावातल्या खानावळीत, आणि नाश्त्याला गल्लीतून चालत जायचं. आता सीझनमधे रहिवाशांपेक्षा पाहुणे जास्त असतील तर नवल नाही.

अजून एक गोष्ट मला भारी वाटते. स्विस पासपोर्टवर जन्मगाव नसतं, मूळ गाव असतं, बापजाद्यांकडून आलेलं. म्हणजे झुरिकमधे जन्मलेल्या, कोरिप्पो कधी पाहिलंही नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर, निदान ती नगरपालिका होती तोवर, कोरिप्पो असू शकायचं. अशी माणसं बारापेक्षा नक्कीच जास्त असणार, फक्त ती जनगणनेच्या आकड्यात कुठे येत नाहीत.